छापखान्याची जाहिरात एवढी भरगच्च का असायची?

लग्नपत्रिका हातात आली की आपण काय बघतो, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, खाली चिमुरड्यांची ती "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" वाली ओळ, आणि ठेवून देतो. माझा डोळा मात्र आधी अगदी तळाला जातो, जिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव असतं. ही सवय मामांमुळे लागली. मामांचं ट्रेडल मशीन होतं, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं छापायचे, आणि गिऱ्हाईक आलं की तोंडाने फार काही बोलायचे नाहीत, नमुन्यांचा अल्बम पुढे सरकवायचे. म्हणायचे, साबणवाल्याचा साबण दुकानात असतो आणि जाहिरात कागदावर, आपल्या धंद्यात माल आणि जाहिरात एकाच कागदावर असतात.

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ मधल्या छापखान्यांच्या जाहिराती समजून घ्यायच्या तर मामांचं हे बोलणं किल्लीसारखं उपयोगी पडतं. त्या जाहिराती पहिल्यांदा बघितल्या की डोळे गरगरतात. एका पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर सात-आठ प्रकारची अक्षरं, वळणदार पट्टे, कोपऱ्यात पंखा नाहीतर जपानी फांदी, सोनेरी शाई, मेडलं, राजचिन्ह, मध्येच तिरकी जाणारी ओळ. आजचा डिझायनर म्हणेल काय हा पसारा, जरा मोकळी जागा सोडा की. पण तो पसारा नाहीये, ती परीक्षेची उत्तरपत्रिका आहे, आणि प्रत्येक नक्षी हे एकेका अवघड प्रश्नाचं उत्तर आहे. कसं ते सांगतो.

आधी एवढी चढाओढ का लागली ते बघू. इंग्लंडमध्ये छपाईच्या आसपास बरेच कर होते, जाहिरातींवर कर, वर्तमानपत्रांवर स्टँप, कागदावर कर. १८५३ मध्ये जाहिरातीवरचा कर गेला, १८५५ मध्ये वर्तमानपत्रांचा स्टँप गेला आणि १८६१ मध्ये कागदावरचाही कर गेला. त्यात रेल्वे आली, दुकानं वाढली, चहाच्या पुड्यांना लेबलं लागायला लागली, नाटकांना पोस्टर, लिलावाला हँडबिल, प्रत्येक दुकानाला छापील बिल. पुस्तकं न छापता फक्त अशी किरकोळ कामं करणारे छापखाने गावोगावी उभे राहिले. त्यांच्या मदतीला आलं पायाने चालवायचं छोटं मशीन. नॉटिंगहॅमच्या क्रॉपर कंपनीचं मिनर्व्हा इतकं चाललं की तसल्या कुठल्याही मशीनला तिकडे लोक क्रॉपरच म्हणायला लागले. मामांचं ट्रेडल त्याच घराण्यातलं. म्हणजे थोड्या भांडवलात कोणीही छापखाना टाकू शकत होता, आणि मग गिऱ्हाइकाला कळणार कसं की याच्याकडे जावं का त्याच्याकडे?

शब्दांनी कळणार नव्हतं. त्या काळच्या जाहिरातींमधले शब्द सगळीकडे तेच ते, नीटनेटकं काम, वाजवी दर, वेळेत डिलिव्हरी, सर्व प्रकारची छपाई, वाफेच्या मशीनवर छापून मिळेल. चांगलाही हेच लिहितो आणि वाईटही हेच लिहितो, त्यामुळे शब्दांना किंमतच उरत नाही. राहिलं काय, तर ते शब्द ज्या कागदावर छापलेत तो कागद.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गुपचूप जाहिरात म्हणजे तीच तळाची ओळ. तिची गोष्ट मला फार आवडते कारण ती सरकारच्या भीतीतून जन्मली. फ्रान्समध्ये क्रांती झाली, इंग्लंडच्या सरकारला वाटलं आपल्याकडेही पत्रकं वाटून लोक भडकवतील, म्हणून १७९९ मध्ये कायदा केला की छापणाऱ्याने आपलं नाव आणि पत्ता छापलेल्या कागदावर द्यायचाच, नाही दिला तर प्रत्येक प्रतीमागे २० पौंड दंड. हेतू एवढाच की पोलिसांना दार सापडावं. पण छापखानेवाल्यांच्या लवकरच लक्षात आलं की जे दार पोलिसांना सापडतं ते गिऱ्हाइकालाही सापडतं. भिंतीवर लागलेलं झकास पोस्टर बघून दुसऱ्या दुकानदाराला तसंच हवं असेल तर खाली पत्ता तयार! गंमत अशी की व्यवसायाची कार्डं आणि मालाच्या याद्या असल्या कागदांना या कायद्यात सूट होती, नाव टाकायची काही गरज नव्हती, तरी चांगलं काम झालेल्या कार्डांवर छापखान्याचं नाव हटकून सापडतं. आपल्याकडेही १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि मुद्रणस्थळ छापणं सक्तीचं केलं, जुन्या मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर अमुक प्रेस, अमुक पेठ असं दिसतं ते त्यामुळे.

या ओळीचा सगळ्यात हुशारीने वापर केला तो जॉर्ज बॅक्स्टरने. या माणसाने १८३५ मध्ये रंगीत छपाईच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पद्धत अशी की आधी धातूच्या प्लेटवरून चित्राच्या रेषा आणि छटा छापायच्या, मग त्यावर लाकडाचे ब्लॉक एकामागून एक, प्रत्येक रंगाला वेगळा, तेलाच्या शाईने. कधी कधी वीसपर्यंत ब्लॉक लागायचे. म्हणजे एकच कागद वीस वेळा मशीनखाली जाणार आणि वीसही वेळा अचूक त्याच जागी बसणार! चित्राखाली तो लिहायचा की हे तेलरंगात छापलंय, छापणारा बॅक्स्टर, पेटंटधारक, आणि पुढे घराचा पत्ता. पुढे चित्रं जाड कागदावर चिकटवून त्यावर आपला शिक्काही उमटवायला लागला. नंतर त्याने इतरांना पद्धत वापरायचं लायसन्स दिलं तेव्हा त्यांच्या चित्रांवरही बॅक्स्टरची पेटंट पद्धत असं लिहिलेलं असायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर याची जाहिरात. तरीही पैसा टिकला नाही, १८६५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मला वाईट वाटतं त्याचं, कारण साध्या घरातल्या भिंतीवर रंगीत चित्र लागावं यासाठी त्या माणसाने आयुष्य घातलं.

आता त्या भरगच्च कार्डाकडे येऊ. १८८० च्या आसपासचं, इंग्लंडमधल्या छापखान्याचं स्वतःचं कार्ड आहे असं समजा आणि भिंग घेऊन बघा. आधी कोपरा बघायचा. खिळ्यांच्या छपाईत रेघ म्हणजे पितळेची पट्टी असते, चार पट्ट्यांची चौकट केली की कोपऱ्यात दोन पट्ट्या भिडतात, आणि कानशीने नीट पंचेचाळीस अंशात घासल्या नसतील तर तिथे केसाएवढी फट राहते. पांढऱ्या कागदावर ती फट लगेच दिसते. चांगल्या कार्डावर कोपरा एकसंध दिसतो, जणू पेनने ओढलाय. मग वळणाची रेघ बघायची. खिळे, पट्ट्या, मधले ठोकळे सगळं चौकोनी असतं, सगळं सरळ रेषेत दाबून बसतं, मग त्यात गोल किंवा नागमोडी रेघ आणायची कशी? पितळेची पट्टी तापवून नरम करायची, हाताने वाकवायची, चौकटीत बसवायची आणि आजूबाजूच्या वेड्यावाकड्या पोकळीत प्लास्टर ओतून ती पक्की करायची, नाहीतर मशीनच्या दाबाने पट्टी सरकते. तिरक्या ओळीचंही तेच, प्रत्येक बाजूला तिकोनी फटी भरत बसायचं. आपल्याला कॉम्प्युटरवर ओळ तिरकी करायला दोन सेकंद लागतात, त्या कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची, सकाळ जायची.

मग रंग बघायचे. लाल अक्षराभोवती काळी कड असेल तर ती चारही बाजूंनी सारखी आहे का, की एका बाजूला लाल बाहेर आलाय? आपल्याकडे प्रेसमध्ये म्हणतात ना रजिस्ट्रेशन हललं, तेच. मग मोठ्या रंगीत पट्ट्यात शाई सपाट बसलीये का, की मध्ये फिकट डाग आहेत? ती सपाट बसवायला दाबाखालच्या कागदांच्या गठ्ठ्यात जिथे दाब कमी पडतो तिथे पातळ कागदाचे कपटे चिकटवत बसावं लागतं, एका कामाला तासन् तास. आणि शेवटी सोनेरी. सोनेरी अक्षर बहुतेक वेळा शाईचं नसायचंच, आधी चिकट रंग छापायचा आणि ओला असताना वरून धातूची बारीक पूड भुरभुरायची, मग जास्तीची पूड झटकायची. नीट झटकली नाही तर सगळ्या कार्डावर चमचम राहते. ही पूड भुरभुरणारी बरीचशी पोरं आणि बायका असायच्या, पूड नाकातोंडात जायची, ती बाधू नये म्हणून त्यांना दूध प्यायला द्यायचे. ते सोनेरी अक्षर बघताना मला हे दूध आठवल्याशिवाय राहत नाही.

तर आता लक्षात येईल की त्या एका कार्डावर छापखानेवाल्याने गोल रेघ का टाकली, तिरकी ओळ का टाकली, पाच रंग का टाकले. गिऱ्हाइकाला भले बारकावे कळत नसतील, पण शेजारच्या छापखान्याला हे जमत नाही एवढं त्यालाही दिसायचं. मोकळी जागा सोडणं कोणालाही जमतं, म्हणून मोकळ्या जागेने काहीच सिद्ध होत नव्हतं.

दगडावरच्या छपाईचा, म्हणजे लिथोचा खेळ अजून वेगळा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही या तत्त्वावर ती चालते. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. हवेत ओल वाढली तर कागद किंचित फुगतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही, त्यामुळे पंधरा-वीस दगडांचं चित्र नीट उतरवणं म्हणजे हवामानाशीच झुंज. लंडनची डे अँड सन ही यातली मोठी फर्म, नावापुढे राणीचे लिथोग्राफर असं मिरवायची. १८५६ मध्ये वास्तुकार ओवेन जोन्सने देशोदेशीच्या नक्षीकामाचा प्रचंड ग्रंथ काढला, त्यात भारतीय नक्षीचीही पानं आहेत, त्याची १०० रंगीत पानं डे अँड सनने छापली. आणि बघा, जोन्सने प्रस्तावनेत मुद्दाम लिहून ठेवलंय की फ्रान्सिस बेडफर्ड आणि त्याच्या मदतनिसांनी ही १०० पानं वर्षाच्या आत दगडावर उतरवली. पुढे तो छापणाऱ्या फर्मचंही कौतुक करतो. याहून मोठी जाहिरात काय असणार, तीही दुसऱ्याच्या तोंडून आणि पुढच्या पानावर पुरावा हजर!

पण एवढ्या नावाजलेल्या फर्मचंही पुढच्या दहा-बारा वर्षांत दिवाळं निघालं. विल्यम सिम्प्सन नावाचा चित्रकार त्यांच्याच कामासाठी १८५९ मध्ये भारतात आला होता, गावोगाव हिंडून चित्रं काढली, ठरलेल्या २५० चित्रांपैकी शेवटी ५० चित्रांचंच पुस्तक १८६७ मध्ये निघालं. उत्तम काम आणि उत्तम हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मामांनाही हे फार उशिरा कळलं.

लिथोवाल्यांची अजून एक युक्ती होती, ती म्हणजे टप्प्याटप्प्याचे प्रूफ दाखवणं. पहिल्या पानावर फक्त पिवळा, दुसऱ्यावर पिवळा आणि वर फिकट गुलाबी, तिसऱ्यावर अजून एक, असं करत करत शेवटी पूर्ण चित्र. १८८३ मध्ये जॉर्ज ऑड्स्लीने या विषयावर लोकांना समजेल असं पुस्तक काढलं, त्यात एकाच चित्राचे सगळे दगड आणि सगळे टप्पे ४४ पानांवर उलगडून दाखवलेत. जादूगाराने जादू कशी करतात ते सांगावं तसं वाटतं, पण झालं उलटंच, आतली मेहनत दिसली की किंमत का जास्त हे वेगळं सांगावं लागत नाही.

मेडलांबद्दल थोडक्यात. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या महालात जंगी प्रदर्शन भरलं, साठ लाखांवर लोक येऊन गेले. त्यात कागद, छपाई आणि बाइंडिंगचा स्वतंत्र विभाग होता, सतरावा. तिथे डे ला रू कंपनीचं पाकिटं घडी घालणारं मशीन बघायला झुंबड उडायची, आणि इलस्ट्रेटेड लंडन न्यूज हे साप्ताहिक लोकांच्या डोळ्यांसमोर छापून दाखवत होते. तिथून पुढे प्रदर्शनांची आणि मेडलांची लाटच आली, लंडन, पॅरिस, फिलाडेल्फिया, आणि छापखान्यांच्या लेटरहेडवर मेडलाच्या दोन्ही बाजू छापायची पद्धत पडली. राजचिन्हाचंही तसंच, काही जण परवानगी नसतानाच टाकायचे, शेवटी १८८३ च्या कायद्यात त्याला दंड ठेवावा लागला. मला स्वतःला मेडलांच्या जाहिराती फारशा पटत नाहीत, ते पुन्हा शब्दांसारखंच झालं, दुसऱ्याने दिलेलं सर्टिफिकेट. मात्र मेडलाच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघावं, छापखान्याचा कस तिथेच लागतो.

सगळ्यात धाडसी जाहिरात मात्र झाली ३० जून १८७७ ला. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छपाई आणली त्याला ४०० वर्षं झाली म्हणून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला प्रदर्शन होतं. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी प्रेसने ठरवलं की उद्घाटनाच्याच दिवशी बायबल छापून, बांधून तिथे पोचवायचं, सगळं मिळून बारा तासांत. हजारावर पानांचं पुस्तक! खिळे आधीपासून जुळवलेले होते, ते काही बारा तासांत होणारं काम नाही, पण छपाई, वाळवणी, ऑक्सफर्डहून रेल्वेने लंडन, तिथे घड्या, शिवण, चामड्याची बांधणी, हे सगळं त्याच दिवसात. फक्त १०० प्रती. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनसाहेब समारंभाला होते, त्यांनी ती प्रत हातात धरून लोकांना दाखवली. आता विचार करा, घाई म्हटली की शाई पुसते, पानं चिकटतात, बाइंडिंग सुटतं, हे छपाईतलं प्रत्येक माणूस जाणतो, त्यामुळे त्या सभागृहातल्या जाणकारांना एका नजरेत कळलं असणार की हे काय करून दाखवलंय.

गिऱ्हाइकांना दाखवणं झालं, पण छापखानेवाल्यांना एकमेकांचं काम बघायला मिळायचं नाही, आणि त्यावरचा उपाय मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतो. चेल्टनहॅमच्या थॉमस हेलिंग या मुद्रकाने कल्पना मांडली की आपण सगळ्यांनी आपापल्या उत्तम कामाच्या प्रती एका ठिकाणी पाठवाव्या, तिथे त्यांचे संच बांधावे आणि प्रत्येकाला एकेक संच परत यावा. लंडनच्या फील्ड अँड टुअरच्या अँड्र्यू टुअरने ती उचलून धरली आणि १८८० मध्ये पहिला खंड निघाला. पुढे ते काम लेस्टरच्या रेथबी, लॉरेन्स फर्मकडे गेलं, त्यांनी १८८८ मध्ये ब्रिटिश प्रिंटर हे नियतकालिकही सुरू केलं. एखाद्या लहान गावातल्या मुद्रकाच्या हातात जर्मनीचं, अमेरिकेचं काम पडायचं, तो ते भिंगाखाली धरायचा, रेघ कशी वाकवली असेल यावर रात्र घालवायचा, आणि पुढच्या वर्षी त्याहून अवघड काहीतरी पाठवायचा. एरवी दरावरून एकमेकांचे गळे धरणारी माणसं, पण इथे एकमेकांना शिकवत होती.

एक शंका रास्त आहे, नमुना बघून ऑर्डर दिली आणि हातात साधंच काम आलं तर? असं व्हायचंच. नमुन्याच्या कार्डाला सगळ्यात हुशार कंपोझिटर, सगळ्यात महाग कागद आणि हवा तेवढा वेळ मिळायचा, कोळसेवाल्याच्या बिलबुकाला यातलं काही मिळायचं नाही. म्हणून मला वाटतं की एखाद्या छापखान्याची खरी जाहिरात त्याच्या नमुन्यात बघू नये, दुसऱ्याच्या स्वस्तातल्या स्वस्त बिलाच्या तळाशी त्याचं नाव आहे का ते बघावं. त्यावरही नाव टाकायला जो कचरला नाही त्याच्याकडे बिनधास्त जावं.

मग हे सगळं थांबलं का? १८८२ मध्ये म्युनिकच्या माइझेनबाखने हाफटोनचं पेटंट घेतलं, फोटो ठिपक्या-ठिपक्यांनी थेट छापता यायला लागला, आणि जे काम करायला पंधरा दगड आणि महिने लागायचे त्यातलं बरंचसं कॅमेऱ्याने होऊ लागलं. अवघड गोष्ट सोपी झाली की ती करून दाखवण्यात पुरावा राहत नाही. त्याच सुमाराला, १८९१ मध्ये, विल्यम मॉरिसने केल्म्सकॉट प्रेस काढला आणि दर्जाची खूणच फिरवली, हाताचं दाबयंत्र, हाताने बनवलेला कागद, काळीभोर शाई आणि मोजक्या प्रती. १८९६ मध्ये त्याने छापलेला चॉसर या जुन्या इंग्रजी कवीचा ग्रंथ, कागदावर फक्त ४२५ आणि चामड्यावर १३ प्रती. तिथून पुढे सोनेरी पूड आणि वाकवलेल्या रेघा हे गावंढळपणाचं लक्षण ठरायला लागलं. मॉरिसची पुस्तकं देखणी आहेतच, पण त्याच्यामागून आलेल्यांनी आधीच्या कंपोझिटरांना जे हिणवलं ते मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी प्रश्नच वेगळा सोडवला होता.

आपल्याकडे त्या काळाचा धागा थेट पोचतो तो १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला निघालेल्या रवि वर्मा प्रेसमुळे. तीच दगडावरची रंगीत छपाई, जर्मन मशिनं, जर्मन कारागीर, पुढे प्रेस मळवलीला गेला. आजीच्या देवघरातल्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्राखाली, पांढऱ्या मार्जिनमध्ये, कधी कधी रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशी बारीक इंग्रजी ओळ सापडते. कधी कधी म्हणतो कारण फ्रेमवाले चौकटीत बसवायला मार्जिन कापतात. बॅक्स्टरच्या चित्रांचंही हेच झालं, लोकांनी शिक्क्याचा जाड कागद काढून टाकला आणि आता संग्राहक शिक्क्यासकट असलेली प्रत शोधत फिरतात. तुमच्या घरी असं जुनं चित्र असेल आणि फ्रेम बदलायला टाकणार असाल, तर दुकानदाराला आधी सांगा की खालची पांढरी पट्टी कापू नकोस, आणि पट्टी दिसेल एवढी मोठी फ्रेम कर.